तुरीच्या फुलांचे दोरे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले सरपंच हिंमतराव, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, समोर बसलेल्या गजराबाई, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती त्यांची लेक डॉक्टर प्रतीक्षा, आणि मागून भाजीचा वास येत असूनही जागेवर बसलेल्या माझ्या येरमाळकरांनो,

मी शिवकांता. प्रतीक्षाचं संशोधन माझ्या तुरीच्या रानात झालं, म्हणून माईक मला. आता संशोधन कसलं? तुरीच्या दाण्यात झाडाचं बाळ असतं. त्याच्या सगळ्या पेशींत जनुकं सारखीच. पण कुठल्या पेशीत कुठलं जनुक कधी जागं होतं, त्यावर मूळ कुठं अन् कोंब कुठं हे ठरतं. मला काही उमगेना. मग ती म्हणाली, "काकू, तुमच्या घरात हात सगळ्यांनाच आहेत. पण चहा करायला उठतं कोण?" लगेच उमगलं!

हे बाळ अगदी कोवळं असतानाच काढायचं असतं. म्हणून फुलाला पराग लावला, की त्या दिवसाच्या रंगाचा दोरा ती देठाला बांधायची, म्हणजे कुठलं बाळ किती दिवसांचं ते कळायचं. एवढी शिकलेली पोर रानात दोरे बांधते म्हटल्यावर, येडेश्वरी देवीच्या गावानं दुसरं काय समजावं? बघता बघता अख्खं रान नवसाच्या दोऱ्यांनी भरलं. तिचे कुठले, आपले कुठले, काही कळेना. हंगाम वाया गेला, पोर बांधावर बसून रडली. अध्यक्षमहाराज, तो जाड भगवा दोरा तुमचा होता. तुम्ही निवडून आलात, हिचं परदेशी जाणं मात्र वर्षभर लांबलं.

तेव्हा गजराबाई माझ्या कानाशी लागल्या. "शिवकांताबाई, लाल दोरा माझा व्हता. पोरगी लांब जाऊ नये, येवढंच मागितलं." म्हणजे नवस पावला की हो! देवीला हातसुद्धा हलवावा लागला नाही. मला हसू आलं, तरी त्यांचा हात मी धरून ठेवला.

पुढच्या हंगामात रानाच्या तोंडाशी काठी घेऊन कोण बसलं? ह्याच गजराबाई. जन्मभर मेंढरं राखलेली बाई, एक दोरा आत जाऊ दिला नाही. सरपंचांनाही वाटेला लावलं. काम फत्ते झालं, म्हणून तर आज लेक निघाली.

सकाळी त्यांच्या घरी गेले, तर लेकीच्या बॅगेत लाल दोऱ्याचं रीळ ठेवत होत्या. म्हटलं, "यंदा बांधला न्हाय व्हय?"

"न्हाय. तिला तिकडं फुलांना लागंल."

असो. आयोजकांचे आभार मानते. बोलण्याच्या भरात कुणाचा नवस उघडा पडला असेल तर पोटात घाला. अन् प्रतीक्षा, दोरे कशाचे ते तिकडच्या लोकांना नीट समजावून सांग बाई. नाहीतर तेही बांधत सुटतील, तुझा हंगाम जाईल, अन् आईकडं यायचं आणखी एक वर्ष लांबेल.