सुनेचा पहिला नाताळ

डिसेंबरातल्या कोवळ्या उन्हात, कॅम्पातल्या रोपवाटिकेत, नाताळात विकायला येणाऱ्या लाल पानांच्या झाडाची कुंडी छातीशी धरून सौरव रांगेत उभा होता. त्याच्या पुढे उचगावच्या सोनाबाई रोपवाटिकेच्या मालकाशी, नागेंद्रशी हुज्जत घालत होत्या.

"आक्का, कुंडी उपडी कशाला करताय वो?"

"मुळं बघाय. ही काळी पडल्यात, नागेंद्रा. वरनं नटलीया नुसती."

"हिच्याएवढं लाल झाड दुसरं न्हाय!"

"चाळीस वर्सं मिरचीची रोपं लावत आलीया मी. मला शिकवतोस व्हय?"

"मग ही बघा. पण लाल पानं चारच हैत."

"आन् मुळं पांढरीफेक! हीच दे."

"उचगावात नाताळ कुणाच्या घरी?"

"आमच्या. सून किरिस्ताव हाय, रोझलीन. दवाखान्यात नर्स. अर्ध्या गावाचं बीपी तीच तपासती. लग्नानंतरचा पहिला नाताळ हाय तिचा."

"मग चमकीचा कागद गुंडाळून देतो."

"कागद ऱ्हाऊ दे, झाड जगलं पायजे. वाळलं तर भावकीतल्या बाया सुनेचा पायगुण काढतील. त्यास्नी मी तोंड उघडू द्यायची न्हाय."

"एवढं काय मनावर घेताय, आक्का? सण झाला की लोक फेकूनच देत्यात हे."

"देऊ देत. मी सून काय एका सणापुरती आणलीया?"

नागेंद्रने चमकीचा कागद बाजूला ठेवला. सोनाबाई कुंडी कडेवर घेऊन ताठ मानेने बाहेर पडल्या.

सौरवची पाळी आली, तेव्हा तो हातातली कुंडी हलकेच उपडी करत होता.