मधला स्पीकर

"बातम्या देणारी बाई तोंडात गुळणी धरून बोलते हो! तुमचा डिशचा बॉक्सच बिघडलाय."

दुरुस्तीच्या दुकानात माझ्या पुढे उभे असलेले काका कारागिराला सांगत होते. शेजारी काकू, पर्स पोटाशी धरून.

"काका, बॉक्सचा आवाज डॉल्बीवर घेतलात का?"

"घेतला. नवं होम थिएटर आणलं, जाड वायर आणली. संगीत घर हलवतं, पण बोलणं कळत नाही."

"बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं. तो टीव्हीखालीच आहे ना?"

"नाही. हिच्या खुर्चीच्या हातावर ठेवलाय."

"हातावर? तिथे कशाला?"

"तिथे... तिथे बरा दिसतो. दाराच्या बेलचीही वायर बदलली आम्ही."

"बेलचा इथे काय संबंध?"

"काही नाही, सहज सांगितलं."

"बरं, तुम्ही आणलेला बॉक्स इथल्या टीव्हीला लावतो. ऐका. किती स्वच्छ आहे!"

"इथे ठीक वाटतं. घरी नाही."

"काय म्हणाले हो ते?" काकूंनी विचारलं.

"वायर बदलू म्हणाले."

"काका, मी असं कुठे म्हणालो?"

"तुम्ही द्या हो वायर! चांगल्यातली द्या. मग होईल नीट. होईल ना?"

"काकू, तुम्हीच सांगा, आता बोलणं कळतंय?"

काकू कारागिराच्या ओठांकडे बघत होत्या. मग त्यांनी काकांची बाही धरली.

"अहो, किती वायरी आणाल? बॉक्स चांगला आहे. बेलही चांगली आहे. मलाच ऐकू येत नाही."