शिक्का कुठी हाये?

चंद्रपूरच्या दवाखान्यात मयुरी आपल्या नंबराची वाट पाहत बसली होती. मागच्या बाकावर आलापल्लीचे वारलूभाऊ अन् नीलाबाई हे जोडपं होतं. भाऊंची उभी हयात सागवान तोडण्यात गेलेली.

"डाक्टर काय बोलले, सांगा ना," नीलाबाई म्हणाल्या.

"रक्ताची मोठी नळी सगळ्याईले एकच राह्यते. मले जन्मापासून दोन हायेत. दोघींनी मिळून जेवनाच्या नळीले फास टाकला."

"म्हनून घास अटकते! मी त समजत होती, माह्या हातचं आवडत नाई."

"आता एक कापाची हाये म्हन्ते."

"मंग करा ना सही. हा घ्या पेन."

"नाई करत."

"काऊन?"

"फोटोत दोन्ही सारख्याच दिसून राह्यल्या. कापाच्या नळीवर शिक्का कुठी हाये? जंगलात बिना शिक्क्याचं झाड तोडते काय कोनी?"

"छातीत काय फारेस्टचा साहेब हातोडा घेऊन शिक्का माराले जाईन? डाक्टर शिकेल मानूस हाये, चुकनार नाई. तुमी तरी कधी चुकले काय?"

"एक डाव."

"शिक्का नसन त्या झाडावर."

"होता ना. बाजूच्या झाडावर."

मयुरीनं मागं वळून पाहिलं. नीलाबाई पेनाला टोपण लावत होत्या.