वेल मच्छरदाणीत

...नाही, खायचं तर खा, पण निदान नीट तरी खा ना? एक पान घ्यावं, ते संपवावं, मग दुसऱ्याला तोंड लावावं, अशी काही पद्धत असते की नाही? पण नाही, या पानाचा एक घास, त्या पानाचा एक घास, तिसऱ्यावर नुसतं बसून आल्यासारखं, आणि सगळ्या वेलाची चाळण. तांबडा भुंगा म्हणतात त्याला. गव्हाच्या दाण्याएवढा जीव, अंगावर नारिंगी चकचकीत कोट, आणि काम काय, तर माझ्या भोपळ्याच्या पानांना भोकं पाडणं.

आता तुम्ही म्हणाल, एका वेलासाठी म्हातारा एवढा का कुरकुरतोय? तर तुम्हाला सांगतो. मला एक मुलगी. लांब असते, तिची नोकरी, जावयाची नोकरी, दोघं घड्याळाला बांधलेली. फोन करते हो, करत नाही असं मी म्हणणार नाही. तर एकदा फोनवर तिला सहज सांगितलं, मागच्या दारी लाल भोपळ्याचं बी रुजलंय, तर म्हणाली, "अय्या बाबा, भोपळा? मोठा झाला की कळवा हं, मी येते खायला." मागे नळ वाहत होता, भांड्यांचा आवाज येत होता, बोलता बोलता बोलून गेली असेल, तिच्या लक्षातही नसेल. पण माझ्या राहिलं ना... बरं म्हणालो, फोन ठेवला, आणि कोंबाला पाणी घालून आलो.

वरच्या मजल्यावरच्या वहिनी कपडे वाळत घालताना सगळं बघत असतात. त्या कठड्यावरून म्हणाल्या, "आजोबा, बाजारात भोपळ्याची फोड मिळते हो, कापून, सोलून. कशाला जीव काढता?" मी काही बोललो नाही. बाजारातली फोड खायला एवढ्या लांबून कोण येणार, सांगा बरं?

तर भुंगा. आयुष्यभर मी कारखान्याच्या फाटकावर राखणदार होतो, अक्षर वाचता येत नव्हतं पण चेहरा वाचता यायचा, कुणाला आत सोडायचं, कुणाला नाही, एका नजरेत. पण हा कसला फाटकातून येतोय, हा भिंतीवरून येतो. सकाळी दव असेपर्यंत तो गारठलेला असतो, पानामागे गुपचूप बसलेला, तेव्हा चिमटीत धरायचा आणि साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकायचा. ऊन चढलं की संपलं, हात नेला की भुर्रर्र. मग पानांवर राख उधळली, तर वारा सुटला आणि राख गेली वहिनींच्या चादरींवर. "आजोबा, भुंगे तुमचे आणि राख आमची, हा काय न्याय झाला?" चादरी तेवढ्या खाली घेऊन आलो आणि धुऊन दिल्या. संध्याकाळी बघतो तर गोगलगाई आलेल्या, त्यांना कसली घाई नाही, चांदीची रेघ ओढत निवांत चालल्यात शेंड्याकडे...

शेवटी काय केलं, माझ्या खाटेवरची मच्छरदाणी काढली आणि वेलावर चढवली. चारी बाजूंनी विटा ठेवून कडा दाबल्या. वेल मच्छरदाणीत आणि मी डासांत. पण काय सांगू, भुंगे येऊन बाहेर जाळीवर बसायचे, आत बघायचे, परत जायचे. फाटक बंद.

वेल असा माजला म्हणून सांगू, ताटाएवढी पानं, पिवळीधमक फुलं, आणि काही फुलांच्या बुडाशी गोटीएवढा इवलासा भोपळा. आता धरणार म्हणून मी रोज बघायचो, तर गोटी पिवळी पडायची, मऊ व्हायची, गळायची. दुसरी, तीच गत. तिसरी, तीच. तेवढ्यात मुलीचा फोन, "काय म्हणतोय भोपळा?" आता काय सांगू? "म्हणतोय काहीतरी," एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला.

मग रोपवाटिकेवाल्याला हाताला धरून आणलं. तो बघतो आणि हसायलाच लागतो, गुडघ्यावर हात टेकून. "काका, भुंगे बाहेर ठेवलेत ते झकास. पण मधमाशी कुठून जाणार आत? नराच्या फुलातली भुकटी मादीच्या फुलात कुणीतरी न्यायला नको? तुम्ही तर याला कोंडून घातलंय. कुणी आलं नाही, गेलं नाही, तर काय धरणार बिचारा?"

मी वेलाकडे बघितलं, मग माझ्या दाराकडे बघितलं...

दुसऱ्या दिवसापासून उजाडलं की मच्छरदाणीची एक बाजू वर आणि मी तिथे स्टूल टाकून. मधमाशी आत, भुंगा बाहेर. झालं, पुन्हा फाटकावर. पण येतंय कोण? रस्त्यावरून दूधवाला गेला, सायकली गेल्या, फुलं मिटायला आली, मी आपला बसून. मग एकदाची आली. गुणगुणत, इकडे-तिकडे बघत, पत्ता शोधत आल्यासारखी. मी स्टूल मागे सरकवलं. पाहुणी आली की सरकतोच ना माणूस?

आणि धरला. एकच, पण धरला. फळमाशी टोचू नये म्हणून जुन्या बनियनची पिशवी शिवून घातली त्याला, वाढला तशी मोठी केली, खाली कौलाचा तुकडा दिला. देठ वाळला, साल अशी टणक की नख रुतेना. मग उतरवला आणि फोन लावला.

"खरंच बाबा? एवढा मोठा?" आवाज खुलला पोरीचा, आणि मग पडला. "इकडे कामाची नुसती झुंबड आहे हो... पण खराब होईल ना तो? थांबा, साहेबांना विचारते, या रविवारीच कसंतरी जमवते." त्या 'कसंतरी'तली दमणूक मला ऐकू आली. बापाचं तोंड ते, इतके दिवस गप्प होतं, नेमकं तेव्हाच उघडलं. म्हणालो, "अगं, घाई कसली? न कापलेला भोपळा आहे, देठासकट. महिनोन्महिने टिकतो."

"बरं झालं सांगितलंत, बाबा. मग सवडीनेच येते."

आहे तो, कपाटावर. रोज टिचकी मारून बघतो, ठणठणीत आहे हो, काही होत नाही त्याला.

आता वाफा उकरून ठेवलाय. पुढच्या खेपेला काकडी लावणार आहे. काकडी कुणासाठी थांबत नाही.