पुठ्ठ्याची हलगी

न्हाय पावणं, थंडीसाठी न्हाय, हलगी शेकायला केलाय जाळ — चामडं तापून ताणलं की मगच बोलतंय ते. बसा की, तिसऱ्या घंटेला येळ हाय अजून. आत स्टेजवर पृथ्वीराज दिसंल हलगी वाजवताना, दिग्दर्शक हंबीरराव मास्तरांचा पोरगा — त्याच्या गळ्यातली हलगी पुठ्ठ्याची, रंगवलेली. मग वाजवतंय कोण? मी. विंगेत, काळ्या पडद्याआड, झाडू-बादल्या ठेवत्यात तितं. माझ्याआधी माझा बा, ज्ञानू, तितंच वाजवून म्हातारा झाला. बडवायचं आमी, टाळ्या त्यांना. आन् नाटक कशावर हाय? समतेवर. हसू नगासा, भाईर बोर्डावर लिवलंय.

बा गेला गेल्या साली. नाटक संपल्यावर समद्यांची वळख करून देत्यात, तवा एकदा तरी आपलं नाव घ्यावं, एवढंच म्हणायचा. न्हाय घेतलं. त्यो गेल्यावर कॅशेट लावून बघितली त्यांनी — हात एकीकडं, आवाज एकीकडं, लोकं पोट धरून हसली. मग आलं की मास्तर माझ्या दारात. म्हणलं, येते, पर वाजवणार म्होरं, उजेडात. तर म्हणत्यात कसं — बनाबाई, बाईच्या गळ्यात हलगी, त्यात तुझ्यासारख्यांची वस्ती, स्पर्धेचे परीक्षक काय म्हणतील? बरं म्हणलं.

बरं म्हणलं खरं. पर आज शेवटच्या प्रवेशात पृथ्वीराज हात उचलंल, आन् विंगेतनं आवाज जायाचा न्हाय. पुठ्ठ्यावर काडी आपटंल नुसती. मास्तर पयल्या रांगंत, परीक्षकांच्या शेजारी — त्यांचं तोंड उतरलेलं बघायचंय मला. बास, दुसरं काय नगं.

मग शेकतीस कशाला म्हणता? सवय हाय हाताला. साडी? अशीच नेसली. नवी हाय, व्हय. विंगेत अंधार असतोय, तितं कोण बघणार — खरं हाय तुमचं.

लई इचारताय बघा. बरं, ऐका मग. पडद्यापासनं त्या उजेडापतोर काय लई लांब न्हाय, दुपारी थेटर मोकळं हुतं तवा चालून बघितलंय. बाला जमलं न्हाय, मला जमंल. पृथ्वीराजचा हात मुका पडला, समदे गप झाले, की मी जाणार. वाजवत. आन् बाचं नाव मीच घेणार, मास्तरांच्या डोळ्यात बघून.

घंटा झाली. सरा, जाळावर पाणी वतू द्या.