हरवलेली पाकिटं शून्य

कमलेश: वायरीचा जोड बदलला, काका. खाऱ्या हवेनं जुन्याच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. आता गेम अडकायचा नाही.

दामू: गेल्या खेपेला आलेला नेटवालापन असंच बोलून गेला. कमलेशभाऊ, तुमी मोजून दाखवा.

कमलेश: मोजतो. हे बघा, लॅपटॉपवरून माहितीची छोटी छोटी पाकिटं पाठवतोय. गेमच्या सर्व्हरला जायची, तिथून परत यायची. वाटेत हरवली की पडद्यावरचा माणूस जागच्या जागी थिजतो. पन्नास गेली. पन्नास आली.

दामू: हरवली किती?

कमलेश: एकही नाही. अख्ख्या पाम गावात एवढी चांगली लाइन नसेल.

दामू: मग गेममधली ती पोरं खोटं बोलतात काय? तिघं हायत. एक नागपूरचा, दोघं इंदूरचे. रोज कानात ओरडतात. दर्पणभाई, तेरा नेट गया. दर्पणभाई, पीछे देख. रविवारी त्यांचा सामना हाय. तवर लाइन सुधारली नाय तर दुसरा गडी घेणार, असं काल बोलले.

कमलेश: कनेक्शन दर्पणच्याच नावावर आहे ना? त्याला बोलवा. तो खेळेल, मी आकडे बघतो.

दामू: तुमी लाइन बघा.

कमलेश: लाइन बघून झाली. बोईसरला कामावर असतो का तो? सुटी असेल तेव्हा येतो.

जमना: सांगा की या भाऊंना.

दामू: तू आत जा.

जमना: नाय जात. भाऊ, आमचा पोरगा दर्पण गेला. संक्रांतीच्या आधी, समुद्रात. जाळं सोडताना दोर पायात अडकला. सहा महिने झाले. ती लांबची पोरं, त्यांना ठाऊक नाय. आता मासेमारी बंद, होडी वर ओढलेली. हे त्याचा फोन घेऊन त्याच्या नावानं खेळत बसतात.

कमलेश: काका, मला खरंच... ऑफिसातून नुसता तक्रारीचा नंबर दिला होता.

दामू: माइक बिघडलाय, असं लिहून टाकलं त्यांना. भाचीनं शिकवलं, किंजलनं. चालायचं कुठं दाबून, गोळी कुठं दाबून.

कमलेश: मग तुम्हीच खेळा एक डाव. मी इथे बघतो.

(दामू हेडफोन लावून फोन हातात घेतो. लॅपटॉपवर आकडे सरकत राहतात.)

कमलेश: दोनशे गेली. दोनशे आली. काका, डावीकडे. खिडकीत. खिडकीत बघा... संपलं.

दामू: बघितलंत ना? अडकलं.

कमलेश: नाही अडकलं. तो खिडकीतला दोन सेकंद तुमच्यासमोर उभा होता. तुमचं बोट उशिरा पडलं.

दामू: बोट नाय. लाइन.

कमलेश: काका, आकडे समोर आहेत.

दामू: त्या दिवशी होडीत त्यानं हाक मारली. इंजिनाचा आवाज. मला वाटलं, नेहमीसारखं काय मागतोय. हातातलं उरकून वळलो. एवढंच. हातातलं उरकून. तुमी लिहा ना, लाइनीत दोष हाय म्हनून. एवढं लिहा.

जमना: कितीदा सांगितलं, तो दोर कुनाच्यानं सुटला नसता.

दामू: तू होतीस तिथं?

जमना: नव्हते.

कमलेश: मी लिहिलं तरी रविवारी ती पोरं दुसरा गडी घेणारच. त्यापेक्षा तुम्हीच सांगा त्यांना. एवढे दिवस सांभाळून घेतायत, वाईट नसतील.

दामू: सांगितलं तर मला काय म्हनतील?

कमलेश: काका म्हणतील. दुसरं काय?

दामू: मग दर्पण कोनाला म्हनतील? गावात त्याचं नाव कोन काढत नाय. मी बंदरावर गेलो की बोलता बोलता गप होतात. ही तिघं दिवसाला शंभरदा हाक मारतात.

जमना: कानातलं काढून ठेवा म्हनते रोज. मलापन ऐकायचं असतं.

दामू: तू कधी बोलली नाय.

जमना: बोलले. तुमच्या कानात ते होतं.

कमलेश: द्या, हेडफोन काढतो. हं, आता बाहेर येईल आवाज. विचारतायत, नेटवाला आला का, काय बोलला. मी सांगू?

दामू: नको. माइक कुठनं चालू होतो?

कमलेश: हे वरचं बटण. एकदा दाबायचं फक्त.

जमना: थांबा. अजून एकदा हाक मारू द्या त्यांना.

दामू: मारली. ऐकलंस?

जमना: ऐकलं. बोला आता.

दामू: पोरांनो... नेटला काय झालेलं नाय.