जावईबापूंचं कोरं तोंड

—शेंगदाणे खाऊ नका ना बापू, ती बाजी आहे. वीस तुमचे, वीस माझे, अन् तुम्ही तर चार चावून बसले. जावई आहे म्हणून तुम्ही-तुम्ही म्हणू राहिलो, नाहीतर खात्यातल्या कोणाला आतापर्यंत कानाखाली बसली असती. तर ऐका. पोकर म्हणजे हातात दोन पत्ते. दोनच. मधी पाच पडतात, उघडे — पहिले तीन, मग एक, मग एक — ते सगळ्यांचे. सातातून चांगले पाच जुळवायचे. दर वेळी शेंगदाणा टाकायचा, नाहीतर पॅक. समजलं? नुसती मुंडी नका हलवू.

आता मुद्द्याचं. आपल्या तीन पत्तीत सिक्वेन्स मोठा, कलर लहान. ह्याच्यात उलटं. पाची बदाम आले का सिक्वेन्स गेला भंगारात. कोणी ठरवलं काय माहीत, मला तर कोणी सांगितलं नव्हतं. मागच्या रविवारी माझी पंजीपासून नव्वीपर्यंत ओळ, एकदम सरळ, अन् तो स्टोरचा प्रसाद, कोकणातला, पाच किलवर मांडतो अन् म्हणतो, काका, कलर. मी काय केलं? काही नाही केलं. पत्ते फाडले. सगळे नाही — अर्धे. तेव्हापासून मला बसू देत नाहीत, म्हणे तुमच्या जागी दुसरा आणा. म्हणून तुम्ही. रजा एकालाच, मागणारे चौघं, साहेब म्हणे आपसात ठरवा, म्हणून पत्त्यांवर ठरवू राहिलो — अन् बाकीचे तिघं म्हणे तीन पत्ती नको, हे खानदेशवाले आखाजीच्या सणाला गावभर तेच खेळतात, आपल्याला धुऊन काढतील. तुमचे तर कामावर सहा महिने भरले नाही, तुम्हाला रजा लागूच नाही, म्हणजे जिंकाल ते माझ्यासाठी. रोशनीची लग्नानंतरची पहिली आखाजी. पोरगी माहेरी येणार, निंबाला झोका बांधायचा, अन् बाप इथं सामरवरणीच्या सूतगिरणीत बॉबिन बदलत उभा — चालतं का? नाही चालत.

अन् खरं सांगू, झोका तर तिचा काका पण बांधेल. मला तिच्याजवळ बसून बोलायचं आहे. फोनवर 'बरी आहे आबा' म्हणते, मागून तुमच्या आईची भांडी आपटतात, अन् ठेवून देते. लग्नाआधी तासतास माझं डोकं खायची. जाऊ द्या. तुमच्या आईला मी काही म्हटलं नाही. वाटा पत्ते.

हं, पडले मधले तीन. माझ्याकडे दोन राजे — सांगितलं तर काय झालं, शिकवू राहिलो ना. पाच टाकले. तुम्ही? सगळे? सोळाच्या सोळा? इकडे बघा. पापणी पण नाही हलत — तीन राण्या असतील, एक तर मधी पडलीच आहे — नाही, मला नाही मरायचं. पॅक. दाखवा.

दुर्री अन् सत्ती? जोडीसुद्धा नाही?

वा बापू. प्रसादची वाट लागली समजा, रजा आपली झाली. एवढं खोटं, अन् तोंडावर सुरकुती नाही. मी राजे टाकून दिले, राजे, अन् तुम्ही असे बसले जसं काही—

थांबा.

दर रविवारी मी विचारतो, रोशनी कशी आहे. तुम्ही म्हणता, मजेत. ह्याच तोंडानं म्हणता ना?

हसू नका. फोन लावा तिला. तुम्ही नाही बोलायचं. वाजायला लागला का मोबाईल मला द्या, अन् चपला घालून बाहेर उभे राहा. दार ओढून घ्या.